परतताना तिच्या गाठोड्यात...

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला, की बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्यातली शहरे रिकामी होऊ लागतात. कुचिंग, सिबू, बिंतुलू, मिरी इथल्या बसस्थानकांवर आणि नदीकाठच्या धक्क्यांवर माणसांची रीघ लागते. डोक्यावर खोकी, हातात पिशव्या, कडेवर पेंगुळलेली मुले. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबईहून कोकणात निघणाऱ्या गाडीत ज्यांनी कधी जागा धरली असेल, त्यांना हे दृश्य मुळीच परके वाटणार नाही. ही सारी मंडळी निघालेली असतात 'गावाइ दायाक' या सणासाठी. भाताची सुगी संपल्यावर येणारा हा सण 1965 पासून सारावाकमध्ये दरवर्षी 1 जूनला सरकारी सुटी देऊन साजरा होतो. नोकरीधंद्यासाठी पांगलेले घर त्या दिवसांत पुन्हा एका छपराखाली येते.

या गर्दीत आज बायकाही मोठ्या संख्येने असतात. कुणी कारखान्यात सुट्या भागांची जुळणी करणारी, कुणी हॉटेलात काम करणारी, कुणी परिचारिका, कुणी शिक्षिका, कुणी दुसऱ्याच्या घरी मुले सांभाळणारी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी याच वाटेने परतणारे बहुतेक पुरुष असत. धक्क्यावर उभे राहून वाट पाहणे हे बायकांचे काम होते. आता वाट पाहणारीही बाई आणि परतणारीही बाई, असे चित्र घरोघरी दिसते. एका पिढीचे आयुष्य संपण्याच्या आत घडलेला हा बदल आहे. तो समजून घ्यायचा तर परतणारीच्या गाठोड्यात काय असते, हे पाहिले पाहिजे.

सारावाक हे मलेशियाचे राज्य. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण दोन-पंचमांश, पण लोकवस्ती 2020 च्या जनगणनेनुसार अवघी चोवीस-पंचवीस लाख. त्यांत सर्वांत मोठा समाज इबान लोकांचा, सात लाखांहून अधिक. 'समुद्री दायाक' म्हणून इंग्रजांच्या दप्तरात त्यांची नोंद झाली. मूळचे मात्र हे डोंगरउतारावर भात पिकवणारे, नदीच्या काठाने राहणारे लोक. त्यांची लांबघरे जगप्रसिद्ध आहेत. एकाच लांबलचक इमारतीत वीस, तीस, कधी पन्नास बिऱ्हाडे शेजारी शेजारी राहतात. प्रत्येक बिऱ्हाडाची स्वतंत्र खोली म्हणजे 'बिलेक' आणि सगळ्यांच्या दारांपुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी सामायिक ओसरी म्हणजे 'रुआइ'. आपल्या गिरणगावातली चाळ आठवावी. तिची गॅलरी चांगली ऐसपैस करावी, चाळ खांबांवर उचलून नदीकाठी नेऊन ठेवावी, म्हणजे ढोबळ कल्पना येईल. पाहुण्याचे स्वागत, भांडणांचा निवाडा, सणाचा नाच, सगळे त्या ओसरीवर चालते.

वांग्याचे फूल आणि रांजण

इबान भाषेत 'जलाय' म्हणजे चालणे, आणि 'बेजालाय' म्हणजे घर सोडून देशाटनाला जाणे. वयात आलेल्या मुलाने बेजालायला जावे, निदान एकदा तरी जावे, अशी समाजाची अपेक्षा असे. पहिल्या प्रवासाआधी त्याच्या दोन्ही खांद्यांच्या पुढच्या बाजूस वांग्याच्या फुलाचे गोंदण काढीत. आपल्या परसात सहज दिसणारे हे फूल तिथे पुरुषपणाची पहिली खूण ठरले होते. फुलाच्या मध्यभागी एक वळत गेलेली रेषा असते, तिला ते जीवनाची दोरी म्हणतात. पुढे जिथे जिथे तो गेला, तिथली आणखी गोंदणे अंगावर चढत जात. म्हाताऱ्या इबान माणसाचे अंग म्हणजे त्याच्या प्रवासाची वहीच.

फार पूर्वी या प्रवासांत लढाया होत आणि शत्रूचे मुंडके घेऊन परतणाऱ्याचा मोठा मान होई. 1841 मध्ये जेम्स ब्रुक नावाचा इंग्रज सारावाकचा राजा झाला. त्याच्या घराण्याने 1946 पर्यंत इथे राज्य केले आणि मुंडकी आणण्याची प्रथा मोडत आणली. बेजालाय मात्र थांबला नाही. माणसे जंगलातला डिंक-चीक गोळा करायला, रबराच्या मळ्यांत, मलायात, पुढे लाकूडतोडीच्या छावण्यांत आणि तेलविहिरींवर जाऊ लागली. येताना मोठाले चिनी रांजण आणि पितळी गाँग आणीत. अंगावर नागासारखा ड्रॅगन वेटोळे घालून बसलेला तो रांजण बिलेकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जपला जाई. त्याला नाव असे, त्याची कहाणी असे. पीटर मुलोक केडिट या इबान अभ्यासकाने 1993 मध्ये 'इबान बेजालाय' या नावाचे पुस्तकच लिहिले.

पण नवरा दोन दोन, चार चार वर्षे परमुलखात असताना इकडे भात कोण पेरत होते? मुलांना आणि म्हाताऱ्यांना कोण पाहत होते? कोकणातल्या घराला हे उत्तर सांगावे लागत नाही. चाकरमान्याची मनिऑर्डर येवो न येवो, नांगरणी थांबत नाही. इबान बाईनेही शेत सांभाळले. त्याच्या जोडीने तिने आणखी एक गोष्ट केली आणि तिच्यातून पुरुषाच्या बरोबरीचा मान मिळवला. ती गोष्ट म्हणजे विणकाम.

बायकांची लढाई

'पुआ कुंबु' हे इबान बायकांनी विणलेले मोठे वस्त्र. तांबूस-तपकिरी रंगाचे, त्यात पिवळसर-पांढऱ्या रेषांची दाट नक्षी. पाटणचा पटोळा किंवा पोचमपल्लीची साडी पाहिलेल्यांना त्याची जात लगेच ओळखू येईल. सूत आधी ठिकठिकाणी बांधून रंगवायचे आणि मग विणायचे, म्हणजे बांधलेल्या जागी नक्षी उमटते. पटोळ्यात ताणा आणि बाणा दोन्ही असे रंगवतात, पुआमध्ये फक्त ताणा. माग अगदी साधा. त्याचे एक टोक घराच्या लाकडाला आणि दुसरे विणणारीच्या कमरेला पट्ट्याने बांधलेले. ती पुढे झुकली की ताणा सैल पडतो, मागे रेलली की ताठ होतो. तिचे शरीर हाच मागाचा अर्धा भाग.

सर्वांत अवघड टप्पा विणण्याच्या आधीचा. लाल रंग पक्का धरावा म्हणून सुतावर संस्कार करावे लागतात. त्याला 'न्गार' म्हणतात. मीठ, आले, तेलकट बियांचे तेल असे पदार्थ ठरावीक प्रमाणात मिसळून त्यात सूत भिजवायचे आणि मग दिवसा उन्हात, रात्री दवात अनेक दिवस ताणून ठेवायचे. त्यानंतर ज्या मुळांच्या सालीतून रंग काढायचा, ते झाड आपल्याही ओळखीच्या कुळातले आहे. विदर्भात, वऱ्हाडात जुन्या काळी 'आल' नावाच्या ज्या झाडाच्या मुळापासून तांबडा रंग करीत, त्याचेच हे भाऊबंद. मिश्रणाचे प्रमाण चुकले तर महिन्यांची मेहनत फुकट. म्हणून हे प्रमाण जिला साधले, त्या बाईला विणकरणींमध्ये सर्वांत वरचा मान. न्गारच्या या विधीला इबान लोक 'कायाऊ इंदु' म्हणतात. अर्थ सरळ आहे, बायकांची लढाई.

हा शब्द केवळ कौतुकाचा नाही. नक्षी स्वप्नात दिसते, देवता ती दाखवतात, अशी श्रद्धा. काही नक्ष्या इतक्या जबरदस्त मानल्या जात, की पुरेशा तयारीच्या नसलेल्या बाईने त्यांना हात घातला तर ती आजारी पडेल, तिचे चित्त ठिकाणावर राहणार नाही. म्हणजे जंगलात शिरणाऱ्या पुरुषाइतकाच धोका मागापाशी बसलेली बाईही पत्करीत होती. तिचा प्रवास घरातल्या घरात, स्वप्नाच्या वाटेने होई. पुरुष मुंडके घेऊन आला की ते हातात घ्यायचे नाही, पुआमध्येच घ्यायचे. बाईने विणलेले वस्त्र नसेल, तर पुरुषाने जिंकून आणलेले घरात येणार कसे? नवजात मुलाला पुआत गुंडाळीत, आजाऱ्याभोवती आणि मृताभोवती पुआ लावीत. बाहेरून जे जे यायचे किंवा घरातून जे जे जायचे, ते या कापडाच्या साक्षीने.

एका जुन्या इबान कथेत तर प्रवासाला निघते ती बाईच. मेंगिन नावाच्या शिकाऱ्याने एक पक्षी पाडला, तर त्याचे झाले लुगड्यासारखे वस्त्र. ते मागायला एक तरुणी आली. ती सिंगलांग बुरुंग या पक्ष्यांच्या देवाची मुलगी. दोघांचे लग्न झाले, मुलगा झाला. पुढे मेंगिनने तिला दिलेला शब्द मोडला आणि ती माहेरी निघून गेली. जाताना नवऱ्यासाठी आणि मुलासाठी पिसांचे दोन अंगरखे मागे ठेवले. ते घालून बापलेक तिच्या मागावर आजोबांच्या लांबघरी पोचले. तिथे मुलगा शकुन पाहायला, शेती करायला शिकला आणि ती विद्या त्याने माणसांत आणली. इबान लोकांच्या शेतीचे सारे शकुनशास्त्र असे आईच्या माहेरून आलेले आहे.

सुपारी फोडताना

'माहेर' हा शब्द इथे वापरला खरा, पण तो जपूनच वापरायला हवा. इबान समाजात मुलगी लग्न होऊन सासरी जातेच असे नाही. डेरेक फ्रीमन या मानववंशशास्त्रज्ञाने 1949 ते 1951 या काळात पत्नी मोनिका यांच्यासह बालेह नदीकाठच्या इबान लोकांत राहून अभ्यास केला. त्यांना आढळले, की साधारण निम्म्या लग्नांत मुलगी नवऱ्याच्या बिलेकमध्ये जाते आणि निम्म्या लग्नांत नवरा मुलीच्या बिलेकमध्ये येतो. ओझे कुणावर जास्त आहे, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ दुसरे कुणी आहे की नाही, हे पाहून ठरते. हा निर्णय होतो लग्नाच्या विधीत, आणि त्या विधीचे नाव आहे 'मेलाह पिनांग'. त्याचा शब्दशः अर्थ सुपारी फोडणे. लग्न ठरले की आपल्याकडेही सुपारी फुटते. फरक इतकाच, की आपल्या सुपारीत मुलगी जाणार हे गृहीत असते. त्यांच्या सुपारीत कोण जाणार हे बोलून ठरवावे लागते.

घरात जे एक भावंड राहील, मग तो मुलगा असो की मुलगी, ते बिलेकचा वारस. त्याच्याकडे घराण्याचे पवित्र बियाणे येते. त्या भाताला 'पादी पुन' म्हणतात. 'पुन' म्हणजे मूळ, बुंधा. दरवर्षी शेताच्या मध्यभागी ते पेरायचे, सुगीत वेगळे राखायचे, कधी विकायचे नाही. जे भावंड वेगळे होऊन जाईल, त्याला मूळ बियाणे मिळत नाही. त्याच्याजवळचे दुसरे पवित्र बियाणे मिळते. सोळाव्या शतकाच्या सुमारास आजच्या इंडोनेशियातल्या कापुआस नदीच्या खोऱ्यातून इबान टोळ्या सारावाककडे सरकू लागल्या, तेव्हापासून जुनी जमीन दमली की नवी शोधत नदीमागून नदी ओलांडणे चालूच होते. त्या प्रत्येक स्थलांतरात बाया होत्या, आणि सामानात बियाण्याच्या टोपल्या होत्या.

तेव्हा इबान बाई कधी घराबाहेर पडलीच नव्हती, असे म्हणता येत नाही. ती कुटुंबाबरोबर निघत असे. नवे आहे ते तिचे एकटीचे निघणे.

एकटीची वाट

1948 मध्ये कुचिंगला बातु लिंतांग इथे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. महायुद्धात जपान्यांनी जिथे युद्धकैद्यांची छावणी केली होती, त्याच जागेत. 1963 मध्ये सारावाक मलेशियात सामील झाले, शाळा वाढल्या, नदीकाठच्या मुली वसतिगृहात राहून शिकू लागल्या. शिकलेली मुलगी भाताच्या खाचरात परतेना. पुढे मलेशियाच्या द्वीपकल्पावर आणि सिंगापुरात इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने निघाले, त्यांना बारीक काम करणारी बोटे हवी होती. त्यातच लाकूडतोडीने आणि धरणांनी जुन्या शेतीचा पाया हलवला. एकट्या बातांग आइ धरणाने 1985 मध्ये 26 लांबघरांतली सुमारे तीन हजार इबान माणसे आपल्या नद्यांवरून उठली. धरणग्रस्त म्हणजे काय, हे कोयनेच्या आणि उजनीच्या वाचकांना समजावून सांगायला नको. भरपाईचे पैसे संपतात, नदी परत मिळत नाही, आणि मग घरातले जे कुणी धडधाकट असेल ते कामासाठी बाहेर पडते.

मुली निघाल्या, तेव्हा त्यांनी या निघण्याला नवा शब्द शोधला नाही. बापदादांचाच शब्द घेतला, 'बेजालाय'. वरवर साधी दिसणारी ही गोष्ट मोठी आहे. नोकरीला गेलेली मुलगी म्हणजे गरिबीने घराबाहेर लोटलेली मुलगी, असे न मानता ती मान मिळवायला निघाली आहे असे त्या शब्दाने म्हटले गेले. अर्थात शब्दाबरोबर अटही आली. बेजालाय परतल्याशिवाय पुरा होत नाही, आणि परतताना हात रिकामे असून चालत नाहीत.

मग ती आणते काय? डोळ्यांना दिसणारे आधी सांगू. रांजणाच्या जागी आता शीतपेटी आहे, वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी जनित्र आहे, छपराचा पत्रा आहे, पाण्याची टाकी आहे, आईसाठी औषधे आणि भाचरांसाठी दप्तरे आहेत. कित्येक लांबघरांच्या लाकडी भिंती जाऊन सिमेंटच्या झाल्या, त्यात मुलींच्या पगाराचा वाटा आहे. रांजण दाराशी ठेवून मिरवता येत असे. भावाची फी भरली, हे मिरवता येत नाही. तरी रुआइवर ते सगळ्यांना ठाऊक असते.

न दिसणारे सामान अधिक वजनाचे. बँकेत खाते कसे उघडायचे, सरकारी कचेरीत कुठल्या खिडकीवर जायचे, जमिनीच्या कागदावर सही करण्याआधी काय वाचायचे, हे ती शिकून आलेली असते. लांबघराची बैठक बसली की पूर्वी पाहुण्यांच्या सरबराईत असलेली बाई आता बैठकीत बोलते. लांबघराचा प्रमुख म्हणजे 'तुआइ रुमाह' हे पद परंपरेने पुरुषाचे, पण काही लांबघरांनी ते बाईला दिले आहे. इबान बाईला घरात मान पूर्वीही होता. आता कागदाची आणि कचेरीची भाषा येऊ लागल्याने घराबाहेरही तिचा शब्द चालतो.

या साऱ्याची किंमतही आहे, आणि ती घरात राहिलेली बाई देते. शहरातल्या एका खोलीत दोघे नोकरीला जात असतील, तर तान्ह्या मुलाला कोण पाहणार? ते मूल लांबघरी 'इनि'कडे, म्हणजे आजीकडे येते. जिने नवऱ्याच्या बेजालायच्या वेळी मुले वाढवली, तीच लेकीच्या बेजालायच्या वेळी नातवंडे वाढवते. साठीनंतर तिने डोंगरउतारावर भात पेरावा की पोराच्या मागे धावावे? मग शेताचा तुकडा लहान होत जातो. कुठे कुठे शेत सुटते आणि तांदूळ दुकानातून येतो. पादी पुनचे बियाणे मात्र दरवर्षी पेरले नाही, तर उगवण्याची ताकद गमावते. देव्हाऱ्यातला टाक पेटीत ठेवता येतो, बियाणे ठेवता येत नाही.

कडेवरचे मूल

गाठोड्यातली सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे परक्याशी केलेल्या लग्नातून झालेले मूल. शहरात मुलगी चिनी, मलय, कधी भारतीय वंशाच्या मुलाशी लग्न करते. गावाइला ती बाळ घेऊन लांबघरी येते. लांबघर काय म्हणते? इबान रिवाज वंश बापाकडून मोजत नाही. मूल ज्या बिलेकमध्ये वाढले त्या बिलेकचे, आणि नाते आईकडूनही तितकेच. परका जावई सुपारी फोडून घरात येऊ शकतो, तर त्याचे मूल परके कसे?

कायदा मात्र वेगळे म्हणत होता. मलेशियाच्या संविधानाच्या कलम 161-अ प्रमाणे सारावाकमध्ये मूलनिवासी ठरायला दोन्हीकडचे रक्त केवळ मूलनिवासी जमातींचे असावे लागे. आई इबान, वडील चिनी, तर मूल मूलनिवासी नाही. वडील इबान, आई चिनी, तरीही नाही. 2009 मध्ये अशाच एका हुशार विद्यार्थिनीला, वडील इबान असूनही, मूलनिवासींसाठीच्या अभ्यासक्रमाची जागा नाकारली गेली आणि साऱ्या राज्यात हळहळ झाली. प्रश्न प्रवेशापुरता नव्हता. 1958 च्या भूमी संहितेनुसार वहिवाटीची जमीन मूलनिवासी व्यक्तीच धारण करू शकते. आजीच्या मांडीवर वाढलेला, आजीची भाषा बोलणारा नातू आजीच्या शेताचा वारस होऊ शकत नव्हता. फटका दोघांनाही बसला, पण लेकींना अधिक. कारण दप्तरात मुलाच्या नावापुढे सहसा वडिलांचाच वंश लिहिला जाई. मलेशियात मूलनिवासी आणि मलय लोकांना जो शब्द आहे तो आपलाच आहे, 'भूमिपुत्र'. त्या शब्दात लेकीची सोय नव्हती, हे अनेक आयांना जन्मनोंदणीच्या खिडकीवर कळले.

डिसेंबर 2021 मध्ये मलेशियाच्या संसदेने संविधान दुरुस्त केले. ते 'केवळ' गेले आणि व्याख्या ठरवण्याचा अधिकार राज्याकडे आला. फेब्रुवारी 2022 मध्ये सारावाकच्या विधानसभेने आपला कायदा बदलला. आईवडिलांपैकी एक जण मूलनिवासी असेल, तरी मुलाला ती ओळख मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. लांबघराने जे कधीच मान्य केले होते, ते कायद्याने मान्य करायला संविधानाची जवळजवळ साठ वर्षे जावी लागली.

माग शहरात गेला

विणकामाचे काय झाले, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. मुली बाहेर पडल्या तसा माग ओस पडू लागला. शाळेच्या आणि पगाराच्या वेळापत्रकात स्वप्नाची वाट पाहायला सवड नसते. शिवाय मुंडकी गेली, अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली, तसा पुआचा जुना उपयोगही आटला. तरी माग संपला नाही. कापितजवळच्या सुंगाइ काइन या नदीकाठी रुमाह गारिए नावाचे लांबघर आहे. तिथल्या विणकरणींनी झाडापानांचे रंग सोडले नाहीत. कुचिंगचे एड्रिक ओंग यांच्यासारख्या मंडळींनी त्यांचे काम परदेशी प्रदर्शनांपर्यंत नेले. कुचिंगमध्ये तुन जुगाह प्रतिष्ठानच्या इमारतीत जुन्या पुआंचा संग्रह आहे आणि तिथे माग मांडून विणकाम शिकवलेही जाते. म्हणजे मुलींच्या मागोमाग मागही बेजालायला निघाला.

यात खंत मानणारे आहेत. विक्रीसाठी विणलेल्या कापडात देवता कशी उतरेल, असे ते विचारतात. हा आक्षेप खोटा नाही. पण पैठणी देवळाच्या आणि दरबाराच्या आश्रयाबाहेर आली म्हणून ती पैठणी राहिली नाही, असे आपण म्हणत नाही. विणणाऱ्या हाताला दाम मिळाला, तर तो हात दुसऱ्या हाताला शिकवतो. एरवी तो शहरात भांडी घासायला जातो.

2020 च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे मलेशियात टाळेबंदी झाली आणि सिंगापूर-जोहोरची रोजची ये-जा थांबली. त्या वर्षी जूनमध्ये अनेक लांबघरांची दारे पाहुण्यांना बंद होती आणि अनेक मुली जिथे होत्या तिथेच अडकल्या. ज्या घराला पैसा पोचत होता, त्या घरालाही त्या वर्षी कळले की पैसा पोचणे आणि लेक पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेजालायची जुनी अट पुन्हा आठवली. परतल्याशिवाय तो पुरा होत नाही.

गावाइच्या रात्री रुआइवर चटया अंथरल्या जातात. घरी आंबवलेल्या तांदळाची 'तुआक' नावाची दारू सगळ्यांत फिरते. बायका चांदीचे उंच मुकुट घालून धनेश पक्ष्यासारख्या संथ हालचालींनी नाचतात. 'गायु गुरु, गेराइ न्यामाइ' असे म्हणून एकमेकांना दीर्घ आयुष्य, आरोग्य आणि सुख चिंतले जाते. दोन दिवसांनी पुन्हा बसस्थानक, पुन्हा धक्का. जाणाऱ्या लेकीच्या पिशवीत आई तुआकची बाटली घालते, शेतातला तांदूळ घालते, जमले तर एखादे जुने वस्त्रही. आपल्याकडे माहेरवाशिणीची पाठवणी अशीच होते.

घर कोण चालवणार, याचे उत्तर इबान लोकांनी कधीच मुलगा की मुलगी असे ठरवून ठेवले नव्हते. सुपारी फोडताना ते बसून, बोलून ठरवीत. आता ठरवायचे आहे ते आणखी अवघड. सगळीच भावंडे बाहेर असताना पादी पुन कोण पेरणार? यंदाच्या गावाइला जी लेक सिंगापूरहून शीतपेटी घेऊन आली, तिलाच एखादी इनि बियाण्याची टोपली दाखवून हा प्रश्न विचारीत असेल. लेकीने काय आणले हे घराने मोजून झाले आहे. तिच्यासाठी घराने काय राखून ठेवले आहे, तेही त्या टोपलीत आहे.